अनियतकालिके, मराठी
समानधर्मी लेखकांनी स्वखर्चाने काढलेली, प्रकाशनाचा काळ निश्चित नसलेली साहित्यपत्रे. त्यांना ‘लघुअनियतकालिके’ असेही म्हणतात. जपानमध्ये अशा प्रकाशनांस ‘दोजिन्शी’ ही संज्ञा आहे. ‘दोजिन’ म्हणजे समान आवडीची मंडळी व ‘शी’ म्हणजे नियतकालिक. ‘केन्यूशा’ या लेखकमंडळाचे गाराकुता बुन्को (१८८५) हे त्याचे एक आद्य उदाहरण होय. आरंभी ते हस्तलिखित स्वरूपात सभासदांमध्ये फिरत असे. टोकिओत १९७५ पासून भरू लागलेल्या ‘कॉमिक मार्केट’ या मेळाव्यामुळे लोकप्रिय चित्रकथांच्या चाहत्यांनी त्यांतील पात्रांवर रचलेल्या स्वप्रकाशित पुस्तिकांसाठीही ही संज्ञा रूढ झाली.

मराठीत दिलीप चित्रे, अरुण कोलटकर व रमेश समर्थ यांनी १९५४ मध्ये मुंबईत शब्द हे चक्रमुद्रित अनियतकालिक सुरू केले. साठोत्तरी काळात अशोक शहाणे यांचे असो, भालचंद्र नेमाडे यांचे वाचा, चंद्रकांत खोत यांचे अबकडई, राजा ढाले यांचे विद्रोह इ. अंक निघाले. चाहत्यांच्या दोजिन्शीमागे आवडत्या कृतीविषयीचे प्रेम असते. या अंकांमागे प्रस्थापित अभिरुचीस दिलेला नकार होता. संपादक-प्रकाशकांच्या संमतीवाचून छापण्याचे स्वातंत्र्य मात्र दोहोंत समान आहे.

मोजक्या प्रती व हस्ते-परहस्ते होणारे वितरण यांमुळे हे अंक अल्पजीवी ठरले. तथापि त्यांचा प्रभाव टिकला. कोलटकरांचा पहिला मराठी काव्यसंग्रह १९७७ मध्ये, शहाणे यांच्या प्रास प्रकाशनातर्फेच निघाला. तत्पूर्वी त्यांची मराठी कविता विखुरलेल्या अंकांतूनच वाचावी लागे.