जेसीबीला किल्ली मारण्याआधी ऑपरेटर रोज काय तपासतो?

२०१९ मध्ये 'जेसीबी की खुदाई'च्या मीम्सनी सोशल मीडियावर धुमाकूळ घातला होता. खुदाई सगळ्यांनी पाहिली. पण खुदाईच्या आधी रोज सकाळी काय होतं, ते फारसं कुणी पाहत नाही.

आधी नावाचा घोळ मिटवू. जेसीबी हे मशीनचं नाव नाही. जोसेफ सिरिल बॅमफर्ड यांनी १९४५ मध्ये इंग्लंडमध्ये सुरू केलेली ती कंपनी. पुढे मोठं बकेट आणि मागे खोदणारा हात असलेल्या या मशीनला 'बॅकहो लोडर' म्हणतात. आपल्याकडे मात्र कंपनी कुठलीही असो, मशीन जेसीबीच!

किलोमीटर नाही, तास मोजायचे

हे मशीन एका जागी उभं राहून दिवसभर काम करतं. त्यामुळे त्याची सर्व्हिसिंग किलोमीटरवर नाही, तर अवरमीटरवरच्या तासांवर ठरते. मोठी कामं मेकॅनिक करतो. रोजची तपासणी मात्र ऑपरेटरची.

इंजिन बंद असताना काय बघतात?

मशीन सपाट जागेवर लावून डिपस्टिकने इंजिन ऑइल बघतात. ते दोन खुणांच्या मध्ये हवं. मग कूलंट. गरम इंजिनवर रेडिएटरचं झाकण कधीच उघडायचं नाही. आत दाब असतो, उकळतं पाणी थेट तोंडावर उडू शकतं.

डिझेलमध्ये पाणी आलं असेल, तर ते जड असल्याने सेपरेटरच्या तळाशी साचतं. ते काढून टाकलं नाही, तर पंप आणि इंजेक्टर खराब होतात. शिवाय टायरची हवा, हायड्रॉलिक ऑइल आणि एअर फिल्टरवरची धूळही बघायची.

ग्रीस एवढं महत्त्वाचं का?

मशीनचा हात जिथे जिथे वळतो, तिथे लोखंडी पिन आणि बुश असतात. ग्रीस त्यांच्यामध्ये थर बनवतं. नवं ग्रीस आत गेलं की जुनं, माती मिसळलेलं ग्रीस बाहेर पडतं. ते आतच राहिलं तर ती माती कानशीसारखं काम करते. पिन-बुश झिजतात, हात डुगडुगायला लागतो आणि खर्च काही पटींनी वाढतो.

सर्वात धोकादायक गळती

हायड्रॉलिक पाइपला बारीक छिद्र पडलं, तर तेल इतक्या दाबाने बाहेर येतं की कातडी भेदून शरीरात शिरतं. जखम सुईच्या टोकाएवढी दिसते, पण तातडीने शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट किंवा हात गमवावा लागू शकतो. म्हणून गळती हाताने चाचपायची नाही. पुठ्ठा धरून बघायची.

मग हे टाळलं का जातं?

कारण भाडं तासावर मिळतं. ग्रीस मारण्याच्या वेळेचे पैसे कुणी देत नाही. 'आधी काम सुरू कर' अशी घाई मालकही करतो आणि गिऱ्हाईकही.

जपानमधल्या कारखान्यांनी मात्र याच कामाला पद्धतीचं रूप दिलं. 'जिशू होझेन' म्हणजे मशीन चालवणाऱ्यानेच साफसफाई, तेलपाणी आणि तपासणी करायची. त्यामागचं कारण साधं आहे. मेकॅनिक बिघाड झाल्यावर येतो. मशीनचा आवाज बदललेला मात्र आधी ऑपरेटरलाच कळतो.

त्यामुळे पुढच्या वेळी जेसीबी मागवलात आणि ऑपरेटर ग्रीसगन घेऊन मशीनभोवती फिरताना दिसला, तर त्याला घाई करू नका. तो टाइमपास करत नाहीये.