नेटरनर: परवाना संपला, डाव सुरूच

‘मॅजिक: द गॅदरिंग’वाले रिचर्ड गारफिल्ड यांचा ‘नेटरनर’ हा पत्त्यांचा खेळ 1996 साली आला आणि फार न टिकता गेला. 2012 मध्ये ‘फँटसी फ्लाइट गेम्स’ने परवाना घेऊन तो ‘अँड्रॉइड: नेटरनर’ नावाने पुन्हा आणला, तेव्हा कुठे त्याचं नशीब फळफळलं.

खेळाची खरी गंमत म्हणजे दोन्ही बाजू सारख्या नाहीत. एकीकडे बलाढ्य कॉर्पोरेशन, दुसरीकडे एकटा हॅकर, म्हणजे ‘रनर’. कॉर्पोरेशन पत्ते पालथे मांडते. त्यात तिचा गुप्त प्रकल्प असेल, नाहीतर जीवघेणा सापळा. कॉर्पोरेशनच्या हातातले पत्ते, गड्डी, टाकलेले पत्ते, रनर कशावरही धाड घालू शकतो. त्याच्या हातातले पत्ते हाच त्याचा जीव. हातात आहेत त्यापेक्षा जास्त घाव बसले की खेळ खलास. त्यामुळे समोरच्याचा चेहरा वाचता येणं इथे पत्त्यांइतकंच कामाचं!

शिवाय ‘अँड्रॉइड: नेटरनर’मध्ये पाकिटात काय निघेल याचा जुगार नव्हता, प्रत्येक संचात ठरलेलेच पत्ते.

खेळाचे मूळ हक्क ‘विझार्ड्स ऑफ द कोस्ट’ कंपनीकडे होते. परवान्याचा करार संपला आणि ऑक्टोबर 2018 मध्ये विक्री थांबली. चाहते मात्र गप्प बसले नाहीत. त्याच वर्षी स्वयंसेवकांनी ‘निसेई’ ही संस्था उभी केली. 2022 पासून तिचं नाव ‘नल सिग्नल गेम्स’. ही मंडळी नवे पत्ते काढतात, जागतिक स्पर्धाही भरवतात.

नव्यांनी त्यांच्या 2021 च्या ‘सिस्टम गेटवे’ या संचापासून सुरुवात करावी. त्याच्या फाइल फुकट मिळतात, घरी छापून खेळा.