मोजलेली माणसे, शोधलेली माणसे

उंबरमाळीहून लोकलने निघालो, की कल्याणच्या आधी शहाड लागते. शहाडला लागूनच उल्हासनगर. तिथला माणूस आजही पत्ता सांगताना ‘कॅम्प नंबर एक’, ‘कॅम्प नंबर चार’ असेच सांगतो. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी बांधलेल्या बराकींत फाळणीनंतर सिंधमधून आलेली सुमारे एक लाख माणसे उतरली. १९४९ साली कल्याण कॅम्पचे उल्हासनगर झाले, पण कॅम्पचा नंबर काही जिभेवरून गेला नाही.

अशी माणसे मोजतात कशी? पहिली पायरी नोंदणीची. नाव, गाव, सोबतची माणसे. रेशन, निवारा, मागे राहिलेल्या घरादाराचा दावा, सारे त्या नोंदीवर चालते. दुसरी पायरी जनगणनेची. १९५१च्या जनगणनेत विस्थापितांची वेगळी गणती झाली आणि तो आकडा सत्तर लाखांवर गेला. सीमेपलीकडेही जवळपास तेवढीच माणसे मोजली गेली. तिकडे त्यांना मुहाजिर म्हणाले, इकडे निर्वासित.

आज या शब्दांना कायद्याचे अर्थ आहेत. सीमा ओलांडली तर निर्वासित. देशातच परागंदा झाला तर अंतर्गत विस्थापित. २०२३ साली मणिपूरमध्ये घर सोडावे लागलेली माणसे या दुसऱ्या वर्गातली. भातसा धरणाने उठवलेली आपल्या शहापूरकडची माणसेही विस्थापितच, पण युद्ध आणि हिंसाचाराच्या हिशेबात ती धरत नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेनुसार २०२४ अखेर जगात असे १२ कोटी ३२ लाख लोक होते. त्यांतले शंभरांत साठ आपल्याच देशात बेघर झालेले.

ही गणती अवघड असते. एकच कुटुंब तीनदा पळाले, तर तीनदा मोजले जाते. नातेवाइकांकडे राहिलेला माणूस छावणीच्या यादीत येतच नाही. परतलेल्याचे नाव कोणी खोडत नाही. आणि काही जण भीतीपोटी नावच सांगत नाहीत. त्यांची भीती खोटी नसते. जी यादी धान्य पोचवते, तीच चुकीच्या हाती पडली तर मारेकऱ्याला घर दाखवते. म्हणून नावे गुप्त राखणे हा या कामाचा पहिला धर्म.

मोजणे निराळे आणि शोधणे निराळे. कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. बहुतेक बायका-मुले, सोव्हिएत रशियाने पोलंडमधून हद्दपार केलेली, इराणमार्गे इथवर पोचलेली. छावणीला त्यांचा आकडा ठाऊक होता. मुलांना मात्र आपले वडील कुठे आहेत, हे हवे होते.

अशा शोधासाठी रेडक्रॉसने पहिल्या महायुद्धात जिनिव्हात एकेका माणसाचे कार्ड ठेवले. अशी सुमारे सत्तर लाख कार्डे जमली. शोधणाऱ्याचे कार्ड आणि हरवलेल्याचे कार्ड जुळले, की पत्र जायचे. आज संगणक आहे, पण रीत तीच आहे. त्यासाठी नाव नीट लिहावे लागते, बापाचे नाव विचारावे लागते, गाव नेमके टिपावे लागते. आकड्यावरून धान्याचे ट्रक निघतात. आई लेकराला भेटते, ती कोणा कारकुनाने न कंटाळता लिहिलेल्या एका नावावरून.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)