साबरमतीच्या काठी एक सायंकाळ

गेल्या हिवाळ्यात अहमदाबादला जाण्याचा योग आला. साबरमतीच्या दोन्ही तीरांवर सुमारे ११ किलोमीटर फरसबंद काठ, बागा नि खेळाची मैदाने आहेत. २०१२ पासून हा काठ टप्प्याटप्प्याने लोकांना खुला झाला. पोरे क्रिकेटात रंगली होती, म्हातारी मंडळी बाकांवर विसावली होती. मन प्रसन्न झाले.

पण नजर पडली शेतीखात्यातली! पूर्वी उन्हाळ्यात याच कोरड्या पात्रात भाजीपाल्याचे वाफे असत. आजचे पाणी नर्मदा कालव्यातून येते नि १९७६ सालच्या वासणा बंधाऱ्यामुळे तुंबून राहते. काठ बांधताना हजारो झोपडीवासीयांना उठावे लागले.

बाग जरूर पाहा. मुलांना मात्र विचारा, हे पाणी आले कुठून? आणि परतल्यावर आपल्या ओढ्याचे पाणी गावातच अडवायचे मनावर घ्या.