अपंगत्व पेन्शनची वाट पाहताना



मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत कर्जाचे अर्ज भरणं चाललं होतं. परतफेड कशातून करणार, असं विचारल्यावर एक ताई म्हणाल्या, "मालकांच्या अपंगत्वाचे फौजेतून पैसे येणार आहेत, त्यातून." मी विचारलं, "कधी येणार?" त्या म्हणाल्या, "तीन वर्षं झाली. येतीलच की आता." शेजारच्या दोघी गप्प झाल्या. त्यांच्याही घरी तीच वाट पाहणं चालू होतं. आपल्या सातारा भागात फौजेतून आलेला माणूस नाही अशी भावकी सापडायची नाही. म्हणून आज याच विषयावर बोलू.

आधी हे पैसे कशाचे ते बघू. जवान निवृत्त होताना किंवा आजारपणामुळे घरी पाठवताना त्याची मेडिकल बोर्डापुढे तपासणी होते. बोर्ड दोन गोष्टी लिहितं. अपंगत्व किती टक्के आहे, आणि ते नोकरीमुळे झालं किंवा वाढलं का. साधारणपणे टक्केवारी २० किंवा त्याहून जास्त हवी आणि दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'होय' हवं, तेव्हा अपंगत्वाची पेन्शन मिळते. पत्र इंग्रजीत असतं. त्यात 'अ‍ॅट्रिब्युटेबल' म्हणजे नोकरीमुळे झालेलं, आणि 'अ‍ॅग्रॅव्हेटेड' म्हणजे नोकरीमुळे वाढलेलं. या शब्दांच्या आधी 'नायदर' आणि 'नॉर' असं असेल, तर दावा नाकारला आहे असं समजायचं. बहुतेक घरांचं गाडं इथंच अडतं.

आमच्याच घरचं सांगते. माझे थोरले दीर तोफखान्यात १७ वर्षं होते. घरी आले ते कान गमावून. नाकारल्याचं पत्र जून महिन्यात आलं. त्यांनी ते वाचलं, घडी घातली आणि ट्रंकेत टाकलं. जाऊबाईंना एक शब्द सांगितला नाही. दसऱ्याच्या साफसफाईत ट्रंक उघडली तेव्हा पत्र माझ्या हाताला लागलं. खाली लिहिलं होतं, अपील सहा महिन्यांत करावं. चार महिने तर निघून गेले होते! धावपळ करून नोव्हेंबरात अपील केलं.

म्हणून पहिली गोष्ट ही की पत्र आलं त्या दिवसाची तारीख लिहून ठेवा. पाकीटसुद्धा फेकू नका, त्यावर पोस्टाचा शिक्का असतो. पहिलं अपील सहा महिन्यांत करायचं असतं. तेही नाकारलं तर दुसरं अपील, त्यालाही सहा महिने. तिथंही न्याय मिळाला नाही तर सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे, त्याचं खंडपीठ मुंबईत आहे. मुदत टळली असेल तरी घरी बसू नका. उशिराचं खरं कारण देऊन उशीर माफ करण्याची विनंती करता येते.

दुसरी गोष्ट, एक फाईल करा. तीत डिस्चार्ज बुक, पीपीओ, मेडिकल बोर्डाची प्रत, नोकरीत असतानाचे दवाखान्याचे कागद आणि आपण पाठवलेल्या प्रत्येक अर्जाची पोहोच ठेवा. मेडिकल बोर्डाची प्रत नसेल तर रेकॉर्ड ऑफिसला माहितीच्या अधिकारात अर्ज करा. फी १० रुपये, आणि उत्तराची मुदत ३० दिवस. भरतीच्या वेळचा तपासणीचा कागद फार मोलाचा. २०१३ साली धरमवीर सिंग यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं म्हटलं, की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो माणूस तेव्हा निरोगी होता असं धरावं, आणि आजार नोकरीमुळे नाही हे दाखवायची जबाबदारी सरकारवर आहे. नियम पुढं बदललेत, प्रत्येक दाव्याला हा निकाल जसाच्या तसा लागू होईल असं नाही. पण अपील लिहिणाऱ्याला तो कागद दाखवाच.

हे लिहून कोण देणार? जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. तिथं मार्गदर्शन मोफत मिळतं. बाईला स्वतःच्या नावानं न्यायालयात जायचं असेल, उदाहरणार्थ वीरपत्नीला किंवा जवानाच्या विधवेला, तर विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. त्याला उत्पन्नाची अट नाही. "साहेब ओळखीचे आहेत, इतके टक्के द्या," म्हणणाऱ्याला मात्र उंबऱ्याबाहेर ठेवा. मूळ कागद कुणाच्या हातात देऊ नका, झेरॉक्स द्या.

आता घरखर्चाचं. जो पैसा हातात नाही, तो वहीत जमेला धरायचा नाही. आमच्याकडे साधी पेन्शन चालू होती, तरी जाऊबाईंनी अपंगत्वाच्या पैशाच्या भरवशावर घराचा स्लॅब टाकायचं ठरवलं होतं. आम्ही तो बेत थांबवला. त्याऐवजी गटातून छोटं कर्ज घेऊन दोन शेळ्या घेतल्या. परतफेड आजच्या कमाईतून. पैसे आले तर थकबाकीसकट येतील, तेव्हा स्लॅबचं बघू. चालू पेन्शनीचा हयातीचा दाखला दरवर्षी वेळेवर द्या, नाहीतर आहे तेही अडकतं. माजी सैनिकांना घरपट्टीत सवलत आहे, तिची ग्रामपंचायतीत चौकशी करा.

सगळ्यात अवघड गोष्ट शेवटी सांगते. भाऊजींना पैशापेक्षा त्या पत्रातली एक ओळ लागली. १७ वर्षं तोफेशेजारी उभा राहिलेला माणूस, आणि कागद म्हणतो कानाचा नोकरीशी संबंध नाही. वर गावातले म्हणायचे, "हातपाय तर धड आहेत, मग कसलं अपंगत्व?" ते बाहेर जायचेच बंद झाले. संध्याकाळी बाटली सुरू झाली. जाऊबाई रोज विचारायच्या, "काही कळलं का?" आणि रोज भांडण व्हायचं.

आम्ही एक नियम केला. दाव्याचा विषय महिन्यातून एकदाच, पाच तारखेला. त्या दिवशी फाईल काढायची, फोन लावायचा, काय उत्तर मिळालं ते तारखेसकट वहीत लिहायचं, फाईल बंद. उरलेले दिवस घराचे. भाऊजींशी समोर बसून, तोंड दिसेल असं बोलायचं, मागून ओरडायचं नाही. मग एका निवृत्त सुभेदारांनी त्यांना सकाळी मुलांच्या भरतीच्या सरावाला बोलावलं. शिट्टी वाजवायला कान लागत नाहीत, असं ते आता स्वतःच हसून सांगतात. पिणं सुटलं नाही, पण कमी झालंय. तुमच्या घरी माणूस गप्पगप्प असेल, झोपत नसेल, जगण्यात काय अर्थ आहे असं बोलत असेल, तर १४४१६ हा टेलिमानसचा मोफत नंबर आहे. रात्रीही लागतो. बायकांनीही स्वतःसाठी लावावा.

आमचं पहिलं अपील नाकारलं गेलं. त्या वेळी पत्र ट्रंकेत गेलं नाही. भाऊजींनी ते जाऊबाईंच्या हातात दिलं आणि म्हणाले, "तारीख लिही." दुसरं अपील वेळेत गेलंय. निकाल अजून आलेला नाही.

तेव्हा आज घरी गेल्यावर एक काम करा. मालकांना विचारून ट्रंक उघडा. एखादं पत्र घडी घालून पडलं असेल तर त्यावरची तारीख बघा, आणि पुढच्या बैठकीला ते सोबत घेऊन या. आपण मिळून वाचू.