पीचला गारवा नव्हे, थंडी लागते

महाबळेश्वरला स्ट्रॉबेरी पिकते, तिथली हवा गार असते, तेव्हा तिथल्या परसात पीचही येईल, असे अनेकांना मनापासून वाटते. पीचबद्दलचा सगळ्यात घट्ट रुजलेला गैरसमज हाच.

पीच हे पानगळीचे झाड. हिवाळ्यात त्याच्या फांद्यांवरचे डोळे झोपी जातात आणि पुरेशी थंडी मिळाल्याशिवाय नीट उघडत नाहीत. ही थंडी तासांत मोजतात: पारा साधारण ७ अंश सेल्सियसच्या खाली किती तास राहिला, ते पाहून. एल्बर्टासारख्या जुन्या जातीला असे ८००च्या आसपास तास लागतात, तर फ्लोरिडात तयार झालेल्या फ्लोर्डा प्रिन्सला दीडशेच्या आसपास पुरतात. महाबळेश्वरात हिवाळ्यातल्या बहुतेक रात्री पारा १० अंशांच्या वरच असतो. आपल्याला शाल लागते, पण पीचच्या हिशेबात त्या रात्रीची जमा शून्य. निफाडला काही रात्री पारा खूप उतरतो खरा, पण दुपारचे ऊन रात्रीच्या कमाईतला काही भाग पुसून टाकते.

थंडी कमी पडली म्हणून झाड मरत नाही, आणि माणूस फसतो तो इथेच. पाने येतात, शेंडे वाढतात, पण मधले डोळे बंदच राहतात. फांदी उघडी दिसते, फुले तुरळक येतात, तीही मागेपुढे. मग खताचा मारा सुरू होतो आणि नुसती पालवी फोफावते. बुंध्याशी बर्फ ओतण्याचा उपायही कोणी सुचवतो. पण थंडी हवी असते ती फांद्यांवरच्या डोळ्यांना, मुळांना नव्हे. द्राक्षबागेत डोळे फुटण्यासाठी वापरतात ते हायड्रोजन सायनामाइड अत्यंत विषारी असते, ते घरच्या बागेत आणूच नये. मुंबईत किंवा कोकणात फळाच्या आशेने पीच लावू नका, असे मी स्पष्ट सांगेन. पुण्या-नाशकाकडे लावायचेच असेल, तर सगळ्यात कमी थंडीची जात निवडा आणि फळ धरून चालू नका.

याच्या उलट टोकाचा समज म्हणजे पीच फक्त डोंगरातच होते. हिमाचलातले राजगढ पीचसाठी प्रसिद्ध आहे हे खरे. पण लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाने मैदानी भागासाठी कमी थंडीच्या जातींची शिफारस केली आहे. शान-ए-पंजाबची फळे तिथे मेच्या सुरुवातीला उतरतात. दिल्ली, चंदीगड, डेहराडूनकडे राहणाऱ्या मराठी घरांना अंगणात हे झाड खुशाल लावता येईल. जानेवारीत, झाड झोपेत असताना, कलमी रोप लावावे. मुळाशी पाणी साचलेले पीचला मुळीच खपत नाही, म्हणून चिकट जमिनीत आळे खोल करण्याऐवजी उंच गादीवाफा करावा.

कोय पुरली की तेच गोड फळ मिळेल, हाही भ्रम आहे. ओल्या वाळूत दोन-तीन महिने फ्रिजमध्ये ठेवल्यास कोय रुजते, पण झाड आईसारखेच निघेल याची हमी नाही. परागीभवनासाठी दुसरे झाड मात्र सहसा लागत नाही. बहुतेक जाती स्वतःच्याच परागावर फळतात.

आता छाटणी. फांदी कापली की फळ गेले, या भीतीपोटी घरचे पीच वर्षानुवर्षे तसेच ठेवले जाते आणि शेवटी फळे शिडीनेही हाती लागत नाहीत. पीचला फुले येतात ती गेल्या वर्षी वाढलेल्या फांदीवर. एकदा फळलेला भाग पुन्हा फळत नाही, म्हणून दरवर्षी नवी फांदी निघायला हवी आणि ती कात्रीनेच निघते. हिवाळ्याच्या अखेरीस, फुलांच्या आधी, मधोमध उजेड येईल असे झाड मोकळे करावे आणि गेल्या वर्षीची वाढ निम्म्याच्या आसपास काढावी. हात धजत नाही, हे मी समजू शकते, तरीही कापावेच. तीच गोष्ट विरळणीची. फळे गोटीएवढी झाली की दोन फळांत वीतभर अंतर ठेवून बाकीची खुडावीत, नाहीतर फळे लहान राहतात आणि फांदीही मोडते.

वसंतात पाने लालसर, फुगून मुरडली तर ती किडीमुळेच, असे धरून लोक कीटकनाशक फवारतात. मावा पाने मुरडतो खरा, पण असा लाल फुगीरपणा बहुधा बुरशीचा असतो. रोग दिसल्यावर त्या हंगामात उपाय राहत नाही. पानगळीनंतर, डोळे फुगण्याआधी, एक टक्का बोर्डो मिश्रण फवारावे: लिटरभर पाण्याला १० ग्रॅम मोरचूद आणि १० ग्रॅम चुना.

नेक्टरिन हा पीच आणि प्लमचा संकर नव्हे. ते लव नसलेले पीचच.

फळ लाल झाले म्हणजे पिकले, असेही नाही. लाली उन्हाची आणि जातीची. पाहायचा तो लालीखालचा रंग: हिरवट छटा जाऊन तो पिवळा किंवा दुधट झाला की फळ तयार. कच्चे तोडलेले पीच घरात मऊ पडते, गोड होत नाही. मात्र झाडावर पिकू द्यायचे तर फळमाशी आलीच. आंब्याच्या बागेत लावतात तो मिथिल युजेनॉलचा सापळा इथेही चालतो, पण त्यात नरच अडकतात. म्हणून गळलेली फळे रोज वेचून पाण्याने भरलेल्या बादलीत बुडवावीत किंवा खोल पुरावीत, आणि झाडावरच्या फळांना कागदी पिशव्या बांधाव्यात.