परसातील पक्षी आणि कॅमेरा

करवीरनगरी आणि कॅमेरा यांचे नाते जुने आहे. कलामहर्षी बाबूराव पेंटर यांनी येथेच सहकाऱ्यांच्या साहाय्याने चित्रपटाचा कॅमेरा तयार केला आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. आज मोबाईलच्या रूपाने कॅमेरा घरोघरी पोहोचला आहे. पक्ष्यांची छायाचित्रे घेण्यासाठी रंकाळा, कळंबा तलाव किंवा राधानगरीचे अभयारण्य गाठलेच पाहिजे असे नाही. घरामागील परसातही बुलबुल, दयाळ, साळुंकी, शिंपी, तांबट, शिंजीर असे पक्षी पाहावयास मिळतात.

पक्षी हालचालीने बिचकतो. म्हणून घराची खिडकी हाच उत्तम आडोसा होय. पडदा अर्धवट ओढून फटीतून छायाचित्र घ्यावे. परसात उथळ पसरट भांड्यात पाणी ठेवून ते रोज बदलावे व शेजारी एक वाळकी फांदी रोवावी. पाण्यावर उतरण्यापूर्वी पक्षी बहुधा अशा फांदीवर टेकतो. कॅमेऱ्याचा रोख तेथे आधीच धरून ठेवावा. सकाळचे कोवळे ऊन आपल्या पाठीमागून पडेल अशी जागा निवडावी. बसलेल्या पक्ष्यासाठी सेकंदाचा २५० वा भाग पुरतो. जास्वंदीसमोर क्षणभर तरंगणाऱ्या शिंजिरासाठी १००० वा भाग लागतो. मोबाईलचे चित्र लहान येते. तरी चोच, शेपूट व रंग स्पष्ट दिसल्यास ओळख पटविण्यास ते पुरेसे ठरते.

घरट्याची छायाचित्रे मात्र कटाक्षाने टाळावीत. बुलबुल बहुधा झुडपात, हाताच्या उंचीवर घरटे बांधतो. चित्र स्वच्छ यावे म्हणून पाने बाजूला सारली, की घरटे उन्हाला आणि कावळ्याच्या नजरेला उघडे पडते. भ्यालेले आई-बाप दूर राहिल्यास अंडी थंड पडतात, पिले उपाशी राहतात. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील शिकारीच्या व्याख्येत वन्य पक्ष्यांची अंडी वा घरटी विस्कळीत करणे याचाही समावेश आहे, हे अनेकांना ठाऊक नसते.

छायाचित्रासोबत दिनांक, वेळ, ठिकाण व झाडाचे नाव लिहून ठेवल्यास त्याचे मोल वाढते. जांभळ्या शिंजिराचा नर विणीच्या काळात चकचकीत जांभळा असतो. विणीनंतर त्याचा पोटाकडील भाग पिवळट होऊन गळ्याखाली केवळ एक गडद पट्टा उरतो. दिनांकित चित्रांतून हा बदल विद्यार्थ्यांना स्वतः पडताळता येतो. दरवर्षी फेब्रुवारीत चार दिवस जगभर परसातील पक्ष्यांची गणना होते; २०१३ पासून भारतही तीत सहभागी आहे. निदान पंधरा मिनिटांचे निरीक्षण एवढीच तिची अपेक्षा असते.

जैविक विविधता अधिनियम, २००२ नुसार स्थानिक संस्थांच्या जैवविविधता व्यवस्थापन समित्यांनी लोकजैवविविधता नोंदवही तयार करावयाची असते. शाळेने वर्षभर जमविलेली अशी दिनांकित चित्रे ग्रामपंचायतीच्या या समितीकडे दिल्यास गावातील पक्ष्यांची पुराव्यासह नोंद होईल. उद्या एखादा पक्षी परसात दिसेनासा झाला, तर तो कधीपासून, हे सांगण्यास तीच नोंद उपयोगी पडेल.